ट्रायम्फ टीआर३ आणि तिच्या पिढीतल्या स्पोर्ट्‌स कारचा स्टीअरिंग बॉक्स बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आणि आसपास जुन्या स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी ट्रायम्फ टीआर२, टीआर३ आणि टीआर३ए यांचं घेतलं आहे. स्टीअरिंग बॉक्स म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांच्या दांड्यांकडे पोचवणारी पेटी; पेगवाल्या बॉक्समध्ये हे काम खाचेत सरकणारी खुंटी, म्हणजे पेग, करते. यातला बराचसा भाग ऑस्टिन-हीली आणि एमजी टीसी यांच्या पेगवाल्या बॉक्सलाही लागू पडतो.

आमच्या गाडीला बॉक्स आहे की रॅक (आडवी सरकणारी दातेरी पट्टी), हे कसं ओळखायचं?

टीआर२ (१९५३) पासून टीआर३ए पर्यंत पेगवाला बॉक्स आहे. १९६१ मध्ये टीआर४ आली आणि ट्रायम्फ रॅकवर गेली. एमजीत टीसीला बॉक्स, टीडीपासून पुढे रॅक. जॅग्वार एक्सके१२० ला बॉक्स आहे, पण तो छऱ्यांवर फिरणाऱ्या नटाचा. त्याची कहाणी वेगळी आणि इथली उत्तरं त्याला जशीच्या तशी लावू नका. आपली अँबॅसडर रॅकवाली, म्हणून अँबॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला बॉक्स परका वाटू शकतो. जुन्या महिंद्र जीपवर आयुष्य काढलेला मिस्त्री मात्र लगेच ओळखतो, कारण जीपच्या रॉस बॉक्सचं तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की जीपमध्ये पेग दोन आणि इथे एक. असा माणूस भेटला तर सोडू नका.

स्टीअरिंगला खूप चाल (रिकामी हालचाल) आहे. बॉक्स गेला का?

दहापैकी निम्म्या वेळा तरी बॉक्स निर्दोष असतो. तो खोलण्याआधी पंधरा मिनिटं खर्च करा.

गाडी जमिनीवर, चाकं सरळ. एक जण आत बसून स्टीअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवत राहतो, चाक फिरवायचं नाही, फक्त चालीपुरतं. दुसरा बोनेट उघडून आणि मग खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवतो. नजरेपेक्षा बोटांना जास्त कळतं. स्टीअरिंग हलतंय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला, टायरॉड हलवणारा हात) जागचा ढिम्म, तर चाल बॉक्समध्ये आहे, किंवा कॉलम (स्टीअरिंगचा दांडा) दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या कपलिंगमध्ये. ड्रॉप आर्म हलतोय पण चाक नाही, तर दोष पुढे आहे : मधल्या टायरॉडचे (चाकांकडे जाणाऱ्या जोडदांड्याचे) रबरी सायलेंटब्लॉक बुश, पलीकडचा आयडलर (ड्रॉप आर्मचा जोडीदार हात), टायरॉड एंड, खालचे ट्रनियन (चाक ज्यावर वळतं तो सांधा), चाकाचे बेअरिंग.

आणि एक जागा हमखास सुटते. बॉक्स चेसिसला ज्या बोल्टांनी धरलाय ते ढिले असतील तर अख्खा बॉक्सच हलतो. बॉक्स आणि ब्रॅकेटच्या फटीवर अंगठा टेकवा. दोन्हींमध्ये हालचाल जाणवली तर पाना आणा, पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार) नको.

रिमवर १०-१५ मिमी चाल या गाड्यांत चालते. तीन बोटं मावतील एवढी असेल तर कामाला लागा.

बॉक्सच्या डोक्यावर स्क्रू आणि लॉकनट आहे. तो कसून चाल घालवता येईल ना?

येईल, पण कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. सर्वांत जास्त बॉक्स याच स्क्रूने मारले जातात.

आत काय घडतं ते पाहा. कॉलमच्या टोकाला पेचदार खाच असलेला कॅम, म्हणजे आपल्या भाषेत वर्म. त्या खाचेत रॉकर शाफ्टचा, म्हणजे ड्रॉप आर्म ज्यावर बसतो त्या दांड्याचा, निमुळता पेग बसतो. गाडी बहुतांश वेळ सरळच धावते, म्हणून खाच मधोमध जास्त घासते आणि दोन टोकांना जवळजवळ नवी राहते. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून नव्या बॉक्समध्ये मधे पेग घट्ट आणि टोकांकडे किंचित सैल ठेवलेला असतो. झीज झाली की मधला तो घट्टपणा आधी संपतो. मग तुम्ही स्क्रू कसून मधली चाल घालवलीत, तर पूर्ण वळणावर पेग अडकायला लागतो. वळणातून स्टीअरिंग परत येत नाही. सिमरोळ घाटातल्या वळणावर याचा अनुभव घेण्यात काही मजा नाही.

योग्य पद्धत अशी : पुढची चाकं उचला, ड्रॉप आर्म टायरॉडपासून सोडवा, बॉक्स नेमका मध्यावर आणा. लॉकनट ढिला करून स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, लॉकनट धरा, मग एका बोटाने स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावरून जाताना पुसटसा अडथळा जाणवला पाहिजे, टोकांना नाही. टोकांकडे जड लागलं तर स्क्रूने हा बॉक्स सुधारणार नाही, तो काढायचा. लॉकनट घट्ट करताना स्क्रूही थोडा सरकतो, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा तपासा.

परदेशातून बॉक्स मागवतोय. काय पाहायचं?

आधी बाजू. या गाड्यांपैकी बहुतेक अमेरिकेत विकल्या गेल्या, म्हणून बाजारात येणारे बॉक्सही बहुतेक डाव्या हाताच्या गाड्यांचे असतात. आपल्याला उजव्या हाताचा हवा. डावा बॉक्स उजव्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो आणि कॅमची खाच उलट्या दिशेची. कुणी ब्रॅकेट बदलून तो बसवलाच, तर स्टीअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाईल. फोटोवरून ठरवू नका. विक्रेत्याला कॉलम धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायला सांगा आणि ड्रॉप आर्म कुठे जातो त्याचा व्हिडिओ मागवा. तुमचा जुना बॉक्सही तसाच फिरवून ताडून घ्या.

दुसरं म्हणजे कॉलम. काही गाड्यांत कॉलम आणि कॅम मिळून एकच लांब दांडा आहे, तर काहींत वरचा तुकडा वेगळा आणि मधे कपलिंग. दोन्ही एकमेकांच्या जागी तसेच बसत नाहीत.

तिसरं, फेऱ्यांचा हिशेब. या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे, ते दोन्ही बॉक्सचे मोजा. आकडे जुळले नाहीत तर आतलं गुणोत्तर वेगळं आहे.

जुनाच बॉक्स इंदुरात दुरुस्त करून घेता येईल का?

बहुतेकदा हो. आधी घासलेटमध्ये धुवा आणि चांगल्या उजेडात तीन गोष्टी पाहा.

पेग : टोक गोल निमुळतं असायला हवं. एका बाजूला सपाट चट्टा पडला असेल तर तो संपला. नवा पेग दाबून बसवता येतो, मात्र लेथवर साध्या लोखंडाचा करून देणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. पृष्ठभाग कडक केलेलं पोलाद लागतं, नाहीतर काही महिन्यांतच पुन्हा तीच चाल.

कॅम : खाचेच्या भिंतीवरून नख फिरवा. मध्यावर नख अडकलं, किंवा खवले उडालेले दिसले, तर कॅम बाद. भराई करून वेल्डिंग करायला कुणी तयार झाला तरी करू नका. स्टीअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्डिंग नाही, आणि ड्रॉप आर्म तापवून सरळ करणंही नाही. ही गोष्ट वादाची नाही.

रॉकर शाफ्ट आणि बुश : शाफ्ट बुशमध्ये वर-खाली हलत असेल तर तेलगळती तिथूनच आहे. सांवेर रोडच्या लेथवाल्यांकडे फॉस्फर ब्राँझ किंवा गनमेटलचे बुश सहज बनतात. पण दोन्ही बुश बसवल्यावर एकाच रीमरने एका रेषेत रीम करा. वेगवेगळे करून बसवले तर शाफ्ट तिरका राहतो. शाफ्टच घासला असेल तर ग्राइंड करून हार्डक्रोम चढवायचं आणि मापाला परत ग्राइंड करायचं. प्लेटिंगवाल्याला सांगा की हा स्टीअरिंगचा भाग आहे आणि प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत शेकून द्या. न शेकलेलं कडक पोलाद ठिसूळ होऊन तडकू शकतं.

बाहेरच्या टोकाला ऑइल सीलसाठी खाच काढून घेतली तर उत्तम. मूळ रचनेतली सील फारशी भरवशाची नव्हती, आणि हा बदल बाहेरून दिसतही नाही.

काढायला काय-काय लागेल?

इंची पाने. यात कंजुशी नको. ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी : १४ चा पाना चढत नाही, १५ चा कडा गोल करतो. जुन्या जीपचे पाने घरात असतील तर तेच काढा, नाहीतर सियागंजात शोधा. त्याशिवाय ड्रॉप आर्मचा दणकट पुलर, स्टीअरिंग व्हीलचा पुलर, दोन जॅकस्टँड, तेलासाठी जुना डबा, सेंटर पंच, खडू, जाड दोरा, नव्या स्प्लिट पिन आणि नवे नायलॉक नट. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा.

काढायचा क्रम सांगा.

१. बॅटरीची वायर सोडा. गाडी सपाट जागी जॅकस्टँडवर. नुसत्या जॅकवर खाली कुणी झोपणार नाही.

२. चाकं सरळ करा. रॉकर शाफ्टचं टोक आणि ड्रॉप आर्म यांवर एकाच रेषेत पंचची खूण करा. खडूची खूण पुसली जाते.

३. हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी कॉलमच्या पोटातल्या बारीक नळीतून खाली येतात आणि बॉक्सच्या पुढच्या टोकातून बाहेर पडतात. त्यांच्या बुलेट जोडांवर रंगीत टेप लावा, मग जोड सोडवा. आता वायरींच्या टोकांना जाड दोरा बांधा. नळी वरून ओढून काढताना दोरा मागोमाग येईल आणि परत घालताना तोच वायरी खाली आणेल. दोरा विसरलात तर जोडणीच्या दिवशी तासभर तारेने कोरत बसाल.

४. नळी खालच्या टोकाला छोट्या ग्लँड नटाने आणि ऑलिव्हने (नटाखाली दबून बसणाऱ्या कड्याने) धरलेली असते. तो नट सोडला की तेल बाहेर येतं, म्हणून डबा आधी खाली ठेवा.

५. स्टीअरिंग व्हीलचा मोठा नट सोडा, पण दोन-तीन आटे चढलेले राहू द्या, मग पुलर लावा. व्हील सुटतं तेव्हा झटक्यात सुटतं; नट पूर्ण काढलेला असेल तर सरळ दातांवर. कॉलमच्या टोकावर हातोडी मारू नका, तो मार थेट कॅमच्या बेअरिंगच्या वाट्यांवर जाऊन खड्डे पाडतो.

६. टायरॉड एंड काढताना पिनवर नाही, डोळ्याच्या बाजूवर मारा : एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने एक ठोका. ड्रॉप आर्म मात्र पुलरनेच. रॉकर शाफ्टवर मारलेला प्रत्येक ठोका आतल्या पेगला बसतो.

७. आता डॅशखालचा ब्रॅकेट आणि चेसिसवरचे बोल्ट. कॉलम दोन तुकड्यांचा असेल तर कपलिंग सोडून बॉक्स पुढून निघतो. एकसंध लांब दांडा असेल तर तो पुढच्या बाजूनेच ओढावा लागतो, आणि त्यासाठी बंपर आणि पुढचा एप्रन उतरवावा लागतो. हे काम दोघांचं. एक जण आतून दांडा धरतो, दुसरा पुढून ओढतो. मधे फायरवॉलचा रबरी ग्रोमेट कोंबडीसारखा ओरडतो, त्याची काळजी करू नका, तो तसाही बदलायचाच आहे.

नवा किंवा दुरुस्त बॉक्स बसवण्याआधी टेबलावर काय करायचं?

सर्वांत महत्त्वाचं काम इथलंच, आणि लोक ते गाडीत बसवल्यावर करायला जातात.

आधी कॅमची उभी चाल. टोकाच्या झाकणाखाली पातळ शिम (अंतर भरणाऱ्या चकत्या) असतात. कॅम पुढे-मागे जरासाही सरकत असेल तर एक-एक पातळ शिम कमी करा. दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) म्हणजे ०.०५ मिमी इतक्या फरकानेही चाल बदलते. शेवटी सरकणं शून्य आणि फिरवायला किंचित जड, एवढं हवं. रॉकर शाफ्टचा स्क्रू याच्यानंतर. उलट क्रमाने केलं तर दोन्ही मापं चुकतात.

मग मध्य शोधा. बॉक्स व्हाइसमध्ये कानांवर धरा, पोटावर नाही. हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि निम्म्यावर या. टोकावर जोर लावू नका, कारण आतली टोकं अडसर म्हणून बनवलेली नाहीत. त्या मध्यावर शाफ्टवर आणि बॉक्सवर रंगाची रेघ मारा. पुढची सगळी जोडणी या रेघेला धरून.

तेल भरा आणि बॉक्स रात्रभर पुठ्ठ्यावर ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावरच्या डागाची जागा पाहिली की कोणती सील बसली नाही ते कळतं.

तेल कोणतं? ग्रीस भरलं तर गळणार नाही ना?

ईपी ९० गिअर ऑइल, प्लगच्या भोकाच्या पातळीपर्यंत. हळूहळू ओता आणि मधूनमधून कॉलम फिरवा म्हणजे अडकलेली हवा निघते. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, बॉक्स इंजिनाशेजारी तापतो आणि ९० चं तेल पाण्यासारखं पातळ होतं. जुन्या सीलच्या बॉक्समध्ये १४० घातलं तर गळती कमी होते, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी स्टीअरिंग पहिली दहा मिनिटं जड वाटेल.

घट्ट लिथियम ग्रीस मात्र नाही. पेग ते बाजूला ढकलतो आणि स्वतःसाठी कोरडी वाट तयार करतो. ग्रीस काही वाहत परत येत नाही. बाहेरून बॉक्स भरलेला दिसतो आणि आत पेग कोरडा घासत असतो. गळती थांबतच नसेल तर ०० क्रमांकाचं अर्धप्रवाही ग्रीस चालतं.

बसवताना काय चुकतं?

कॉलम जबरदस्तीने जागेवर आणला जातो. खालचे बोल्ट आधी पूर्ण आवळले, मग वरचा ब्रॅकेट अर्धा इंच दूर राहिला, मग तो ओढून कसला : दांड्याला बाक येतो, वरच्या बुशमध्ये घासतो आणि स्टीअरिंग वळणातून परत येत नाही. मग दोष नव्या बॉक्सला. सगळे बोल्ट आधी हाताने, मग खाली थोडे, वर थोडे असे आवळत जा. प्रत्येक टप्प्यावर स्टीअरिंग फिरवून पाहा. कुठेही जड झालं तर ढिलं करा आणि ब्रॅकेटखाली पातळ पट्टी घाला.

दुसरी चूक स्टीअरिंग व्हीलची. जोडणी झाल्यावर स्पोक तिरके दिसतात, आणि सरळसोट उपाय म्हणून लोक व्हील उचलून दोन दाते सरकवून बसवतात. स्पोक सरळ होतात, पण बॉक्स मध्यावरून हटलेलाच राहतो. म्हणजे गाडी सरळ धावताना पेग खाचेच्या सैल भागात आणि एका बाजूचं वळण दुसऱ्यापेक्षा कमी. नीट पद्धत : बॉक्स रेघेवर, ड्रॉप आर्म पंचच्या खुणेवर, व्हील सरळ, आणि मग दोन्ही बाजूंचे टायरॉड सारखे कमी-जास्त करून चाकं सरळ आणायची.

इंडिकेटरचा खटका वळणानंतर आपोआप परत येत नसेल, किंवा एकाच बाजूने येत असेल, तर कॉलममधली नळी फिरलेली आहे. ग्लँड नट ढिला करा, खटका मध्यावर आणा, पुन्हा आवळा. ऑलिव्ह दर वेळी नवं.

अलाइनमेंट कुठे करायची?

कॉम्प्युटरवाल्या दुकानात या गाडीची मापं बहुधा नसतात, आणि असली तरी प्राथमिक माप घरीच घेऊन जावं. दोन्ही टायरवर चाकाच्या मध्याच्या उंचीला पुढच्या बाजूला खडूने खूण करा, खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला म्हणजे त्याच खुणा मागे येतील, पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण ३ मिमी कमी हवं. रेडियल टायर असतील तर त्याच्या निम्मं पुरतं. गाडी मागे ढकलून मोजू नका, सांध्यांची चाल उलट्या बाजूला बसते आणि माप खोटं येतं.

रॅक बसवला तर ही सगळी कटकटच मिटेल?

स्टीअरिंग हलकं आणि नेमकं होतं, हे खरं. पण रॅक म्हणजे आडवा ठोकला आणि झालं असं नाही. रॅकच्या दोन टोकांचे आतले सांधे, खालच्या-वरच्या विशबोनच्या आतल्या टेकूंशी ठरावीक रेषेत आले पाहिजेत. ते चुकले तर चाक खड्ड्यात वर-खाली होताना आपोआप वळतं. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण पावसाळ्यानंतरच्या आपल्या कुठल्याही रस्त्यावर गाडी स्वतःच्या मनाने चालायला लागते. तयार किट यासाठीच महाग असतात. स्थानिक वर्कशॉपमध्ये मारुतीचा रॅक अंदाजाने बसवून घेण्यापेक्षा जुना बॉक्स परवडला.

कागदोपत्री बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, तिथे मूळ रूप हाच मुद्दा आहे. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसवर भरला तसल्या कॉनकूरमध्ये (जुन्या गाड्यांच्या प्रदर्शन-स्पर्धेत) गाडी उभी करायची इच्छा असेल, तर परीक्षक खाली वाकून पाहतात हे गृहीत धरा.

पहिली फेरी कशी घ्यायची?

आधी जॅकस्टँडवरच दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. ब्रेकची होज टायरला किंवा टायरॉडला लागत नाही ना, ते पाहा. प्रत्येक स्प्लिट पिन हाताने चाचपा, मोजा, कागदावर टिक करा. मग रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरसारखा रुंद, रिकामा रस्ता. आधी २० च्या वेगाने, हात हलके ठेवून. डाव्या-उजव्या वळणातून व्हील सैल सोडल्यावर स्वतःहून सरळ येतं का, ते पाहा. मग ४०. परत येऊन सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवा बुश आणि नवा रंग दबल्याने पहिल्याच दिवशी थोडी ढिलाई येते. पुन्हा १०० किलोमीटरनंतर, आणि तेव्हाच तेलाची पातळीही.

पार्किंगमध्ये नवा बॉक्सही जड लागतो.

लागणारच. मूळ टायर अरुंद क्रॉसप्लाय होते, आज रेडियल आहेत, आणि पॉवर स्टीअरिंग नाही. टायरमधली हवा पाहा, ट्रनियनला वंगण द्या, आणि उभ्या गाडीत स्टीअरिंग ओढू नका. गाडी इंचभर सरकत असताना फिरवा. अलाइनमेंटनंतरही एकाच बाजूला जड असेल तर कॉलमचा बाक पुन्हा तपासा.

काढलेला जुना बॉक्स भंगारात द्यायचा?

नाही. कॅम बाद असला तरी खोकं, झाकणं, रॉकर शाफ्ट आणि टोकाचा ग्लँड नट हे सगळं पुढच्या दुरुस्तीला लागतं, आणि तो ग्लँड नट एकटा कुठेच मिळत नाही. धुवा, तेल लावा, वर्तमानपत्रात गुंडाळा, वर गाडीचा नंबर आणि ‘उजवा’ असं लिहून माळ्यावर टाका.